अडीच परस

मी बोलतोय विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीतून. मी एक मायक्रोकंट्रोलर बोर्ड, म्हणजे यंत्राचा छोटासा मेंदू, वीतभरसुद्धा नाही माझी लांबी. पण दिंद्रुडजवळच्या एका पाणीपुरवठा सहकारी संस्थेनं मला हार घातलाय, बरं का!

मला आणलं इथल्याच वस्तीवरच्या शहादेवनं. तेलगावला तो मोटारी दुरुस्त करायचा. दुकानदारानं त्याच्यापुढं चार बोर्ड मांडले. एकाला वायफाय, एक लई तेज, एकाच्या पिना मुंगीच्या पायाएवढ्या. शहादेव म्हणाला, "मला सोपा द्या. तारा खोचल्या की चालला पायजे." झालं, मी त्याच्या पिशवीत. सोपा म्हटल्यावर माझी छाती केवढी फुगली होती!

घरी त्यानं मला अंतर मोजणारा सेन्सर जोडला. भिंतीकडं धरला की भिंत किती लांब ते मी दाखवायचो. विहिरीच्या तोंडाशी बांधला की पाणी किती खाली ते दाखवणार. विहीर पाच परस खोल. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. इकडं विहिरी त्यातच मोजतात. पाचातून माझा आकडा वजा केला की शिल्लक पाणी. "वजाबाकीची ओळ शेवटी टाकू," असं तो पुटपुटला. मी ऐकलं होतं.

बसवायच्या दिवशी संस्थेची मोटार चालवणाऱ्या धोंडीरामानं दगड बांधून विहिरीत दोरी सोडली. दोरीचा ओला भाग भरला अडीच परस, म्हणजे तेवढं पाणी. माझ्या पडद्यावरही अडीच! चेअरमन आप्पाराव खूश. "वा रे पठ्ठ्या! धोंड्या, दोरी ठिव आता घरी." शहादेवची आई भिमाबाई पदरानं डोळे पुसत होती. अहो, माझा अडीच वरच्या रिकाम्या भागाचा; विहीर नेमकी अर्धी होती, म्हणून आकडे जुळले! ती ओळ टाकायची राहूनच गेली. शहादेव त्याच आनंदात पुण्याला कामावर निघून गेला.

ऊन तापलं. पाणी उडू नये म्हणून विहीर पत्र्यांनी झाकली. पावसाळ्यापर्यंत वस्तीनं प्यायचं पाणी तेवढंच. संस्थेचा नियम होता, दोन परसाच्या वर पाणी असेल तरच मोसंबीला द्यायचं, नाहीतर फक्त प्यायला. पाणी उतरत गेलं आणि माझा आकडा चढत गेला. पावणेतीन. तीन. "झरा फुटला रं धोंड्या!" आप्पाराव ओरडले, आणि मोसंबीसाठी मोटार दुप्पट वेळ चालू लागली. साडेतीनला मला हार घातला. मी तडफडत होतो हो, पण आकड्याशिवाय मला काही येतच नाही.

भिमाबाईनं एकदा घागरीत वाकून पाहिलं. "पानी वाढतंय, तर मंग गढूळ कावून येतंय?"

"भिमामावशी, तुमच्याच पोराची मशीन हाय," आप्पाराव हसले. "ती खोटं बोलती व्हय?"

पोराचं नाव निघालं, तशी तिनं घागर उचलली आणि घरची वाट धरली.

पाचाचा आकडा लागला त्या सकाळी आप्पाराव नारळ घेऊन आले. "तुडुंब भरली! काढा पत्रे." मोटार नुसती हवा ओकत होती. पत्रे निघाले. तळाला चिखल, त्यात दोन बेडकं.

आता दर चार दिवसांनी टँकर येतो. गुरं चारा छावणीवर गेली. मला कुणी काढलं नाही, की शिव्याही दिल्या नाहीत. मी अजून पाच दाखवतो.

काल भिमाबाई फोन कानाला लावून माझ्यासमोर उभी राहिली. "आये, मशीन चालती का नीट?" शहादेवचा आवाज आला.

"चालती की रं. पाच दावती."

"पाच? मंग पानी लई झालं की!"

तिनं माझ्याकडं पाहिलं. "लई हाय बाबा. तू जेवलास का?"

वाचणाऱ्यांनो, तुमच्यापैकी कुणाला पुण्यात शहादेव भेटला तर एवढं सांगा, तुझ्या घरी प्यायला पाणी नाही. ती आई सांगायची नाही, आणि मला सांगता येत नाही.