यादीतलं दुसरं नाव

व्हिएन्नाहून आणलेला रिपीटर ल्युबिंकाने आईच्या खोलीत लावला. दीड हात जाडीच्या दगडी भिंतीपलीकडे ते मेलं वायफाय पोहोचतच नव्हतं. हिरवा दिवा लागला, तशी कोण कोण जोडलंय ते तिने आपल्या फोनवर पाहिलं.

तिच्या नावाखाली दुसरं नाव होतं: त्राइलो.

बाबांचा फोन! महिन्यापूर्वी गावच्या रीतीप्रमाणे आईने तो रुमालात गुंडाळून, चष्म्याशेजारी, त्यांच्या शवपेटीत ठेवला होता. पेटी मातीआड जाताना ल्युबिंकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

"आई..." तिने आपला फोन आईपुढे धरला. "बाबांचा फोन चालू आहे गं. इथेच, या खोलीत."

आईने उशीखालून फोन काढला. पुसून लख्ख, पूर्ण चार्ज केलेला.

"मग रुमालात काय होतं?"

"टीव्हीचा रिमोट."

"अगं बाई! मेलेल्याची वस्तू ठेवून घेतली की तो न्यायला येतो, असं तूच सांगायचीस ना? भीती नाही वाटत तुला?"

"वाटते तर!" दाराकडे बघत आई म्हणाली. "महिना झाला. अजून आले नाहीत गं ते."