खट् आवाजावरचा भरवसा

प्रीतमच्या हाताला एक खोड होती, आणि ती चाकणने लावलेली होती. तिकडच्या एका कंपनीत तो गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर कामाला होता. तिथे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवतात: वायरच्या टोकाचा कपलर ढकल, खट् आवाज ऐक, मग ओढून बघ. आवाज आला आणि ओढून निघालं नाही की काम पक्कं. चुकीचा कपलर चुकीच्या जागी शिरतच नाही, कारण त्यांचे साचेच तसे पाडलेले असतात. इतकी वर्षं हेच केल्यावर माणूस डोळ्यांपेक्षा कानांवर जास्त विसंबतो. प्रीतमला तर त्याचा थोडा माजही होता.

त्या रविवारी पिंपळे गुरवच्या घरात त्याने कॉम्प्युटर उघडून टेबलावर आडवा घातला. कॉम्प्युटर दुकानातून तयार आणलेला, कामापुरता बरा, पण जरा मोठा गेम लावला की धापा टाकणारा. लाइनवरच्या दिग्विजयने नवीन ग्राफिक्स कार्ड घेतलं आणि आपलं जुनं प्रीतमच्या गळ्यात घातलं. कार्ड तगडं, म्हणून मूळचा किरकोळ पॉवर सप्लायही बदलणं आलं. तो जुन्या मालाच्या दुकानातून आणला. त्याच्याबरोबर हार्डडिस्कची केबल नव्हती, तेव्हा प्रीतमने तिथल्याच ढिगातून तशीच दिसणारी एक उचलली होती. ती त्याने सप्लायमध्ये ढकलली. खट्. ओढून बघितली. पक्की.

बटण दाबलं तसं आतून तड् झालं, कॉम्प्युटर जागीच बंद पडला आणि जळक्या प्लास्टिकचा वास खोलीभर पसरला.

कार्ड गेलं असतं तर त्याने दिग्विजयला चार शिव्या घातल्या असत्या आणि विषय संपला असता. पण वास हार्डडिस्कमधून येत होता, आणि त्या डिस्कवर पप्पांचा आवाज होता.

त्याचे वडील, साहेबराव, पिंपरीतल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. पण वस्तीत त्यांना ओळखत ते गाण्यांमुळे. बाबासाहेबांवरची, कामगारांवरची गाणी ते स्वतः बांधायचे आणि जयंतीला असे गायचे की माईक नसला तरी चालायचं. मग घशाचा कॅन्सर निघाला आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढायचं ठरवलं. ऑपरेशनच्या आधी प्रीतमने त्यांना याच टेबलाशी बसवून सगळी गाणी रेकॉर्ड करून घेतली होती. तेव्हापासून साहेबराव रोज संध्याकाळी इथे बसायचे, हेडफोन लावायचे आणि स्वतःच्याच आवाजाबरोबर नुसते ओठ हलवायचे. दवाखान्याने गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दिलं होतं. त्यातून निघालेला घरघरता, सपाट आवाज त्यांनी एकदाच ऐकला, यंत्र कपाटात टाकलं आणि पुन्हा हातात धरलं नाही. घरात ते खुणांनीच बोलत.

गाण्यांची दुसरी प्रत नव्हती. एखाद्या पेनड्राइव्हवर काढून ठेवा, असं मिनल, त्याची बायको, जवळजवळ दर महिन्याला म्हणायची. प्रीतम दर वेळी हो म्हणायचा.

त्याने ती केबल उपटून काढली आणि पुन्हा बटण दाबलं. कॉम्प्युटर थाटात सुरू झाला, कारण तो चालवणारी सिस्टीम आणि गेम डिस्कवर नव्हते, बोर्डावरच्या वेगळ्या चिपवर होते. गेमसुद्धा उघडला, आणि काय चित्र दिसत होतं! प्रीतमला ते बघवेना. मग त्याने डिस्क तेवढी बाहेर काढून तिला जुना सप्लाय वेगळा जोडला आणि कान लावून बसला. ती फिरेना, गुणगुणेना.

त्याने दिग्विजयला फोन लावला. केबल कुठली, हे दिग्विजयने आधी विचारलं.

"भावा, एका सप्लायची केबल दुसऱ्याला कधीच लावायची नसते राव," तो मग म्हणाला. "शिरते, बसते, पण आत तारांचा क्रम निराळा असतो. पाच व्होल्टच्या जागी बारा गेले असणार."

डिस्कमधून माहिती काढून देणारे लोक असतात, एखाद्याकडे नेऊन बघ, पण हमी कुणी देणार नाही, असंही तो म्हणाला. पुढचं प्रीतमच्या डोक्यात शिरलं नाही. पप्पा विहारात वंदनेला गेले होते आणि आता कुठल्याही क्षणी येणार होते.

आज बाहेर घेऊन जाऊ का त्यांना, लाईट गेली म्हणून सांगू का, असं काहीबाही त्याने मिनलला विचारलं. तिने खिडकी उघडून वास घालवायचा प्रयत्न केला आणि एवढंच म्हणाली की उद्या काय सांगणार. तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. मोठा झाल्यापासून प्रीतम बापाला इतका कधी घाबरला नव्हता, आणि भीती रागाची नव्हती. हा माणूस दुसऱ्यांदा मुका होणार होता, आणि या खेपेला ते पोटच्या पोराने केलं होतं.

साहेबराव आत आले, नेहमीसारखे खुर्चीत बसले आणि त्यांनी हेडफोन कानाला लावले.

"पप्पा," प्रीतमने एक हेडफोन हळूच बाजूला केला. "तुमची गाणी जळाली. माझ्या हातून जळाली."

ते स्क्रीनवरच्या झगझगीत चित्राकडे बघत राहिले. मग हेडफोन काढले, वायर नीट गुंडाळली आणि उठून आतल्या खोलीत गेले. आता हे अंथरूण धरतील, जेवण सोडतील, या धास्तीने प्रीतम जागचा हललाही नाही. आत कपाटाचं दार करकरलं.

साहेबराव परत आले ते यंत्र घेऊनच. त्यांनी ते गळ्याला टेकवलं.

"मोबाईल काढ," यंत्र घरघरलं.

प्रीतमने काढला. मग त्या सपाट आवाजात, दुसऱ्या हाताने टेबलावर ठेका धरत, साहेबरावांनी म्हटलं, "पहिल्या पाळीचा भोंगा झाला, पाटी घेऊन निघ पोरी." चाल कुठेच नव्हती, ती फक्त बोटांत उरली होती. मिनलने तोंड फिरवलं. प्रीतम दोन्ही हातांनी मोबाईल धरून रेकॉर्डिंगच्या लाल ठिपक्याकडे बघत होता, तो विझेल की काय या भीतीने पापणीही न लववता.

कडवं संपलं. साहेबरावांनी यंत्र खाली घेतलं आणि भुवया उंचावून विचारलं, आलं का?

हो म्हणायचं प्रीतमच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याने आधी ते लावून शेवटपर्यंत ऐकलं. ज्या आवाजाला साहेबरावांनी इतके दिवस कपाटात कोंडलं होतं, तो खोलीभर घरघरला, आणि ते मान खाली घालून ऐकत राहिले. प्रीतमने मान डोलावली, तसं त्यांनी यंत्र पुन्हा गळ्याला लावलं.