इनास मिस्त्रीचा रविवार

"मिस्त्री, तेवढा कोट काढा अन् चला बरं. इंजिन बंद पडलंय. शेट पेटून राहिला."

सोनाजी गाडीवान दारात उभा होता. आत इनास मिस्त्री काळा कोट घालून मरियामातेच्या तसबिरीपुढे बसला होता. शेजारी त्याची बायको, नातालीन. दोघांची जपमाळ नुकतीच संपली होती. वसमतला चर्च नव्हतं. पाद्री यायचा तो नाताळच्या आगेमागे; बाकीचे रविवार ही खोलीच सांभाळायची.

"आज रविवार आहे, सोनाजी."

"ठावं हाय. पण गाड्यांची रांग वेशीपातुर गेली."

"कुणाचा हात अडकलाय का मशीनमध्ये?"

"न्हाई बा. नुस्ता कापूस हाय."

"माणूस असता तर पळत आलो असतो. कापूस उद्यापर्यंत थांबेल."

निजामी अमलात सुटी शुक्रवारची. पूनमचंद शेटच्या जिनिंगमधले सगळे त्या दिवशी घरी असत, तेव्हा इनास एकटा बॉयलरमध्ये उतरून आतला क्षार खरवडत असे. बदल्यात रविवार त्याचा, हे शेटनं त्याला गोव्याहून आणतानाच कबूल केलं होतं. आजवर ते निभलं होतं.

"काहून येवढा हट्ट? देव रागवतो का तुमचा?"

इनासनं हाताकडे पाहिलं. शनिवारी राखेनं घासूनही नखांत काळं उरलं होतं.

"रागवत नसेल. पण सातही दिवस शेटच्या हाकेला उठलो, तर माझ्यात आणि त्या इंजिनात फरक काय?"

"इंजिन तर आज बसलंय, मिस्त्री. त्यालाबी रविवार लागला म्हणायचं."

नातालीन हसली. दुपारी शेटचा मुनीम येऊन दारातूनच सांगून गेला, इनासचं काम सुटलं. नांदेडहून दुसरा मिस्त्री येणार होता. उद्या दिवस मावळायच्या आत खोली रिकामी हवी होती.

सकाळी इनास सोनाजीच्या दारी गेला. "गाडी देता का? सामान स्टेशनावर न्यायचंय. पूर्णेला रेल्वेच्या लोको शेडात काम मिळतं का, विचारून पाहतो."

सोनाजीनं मान खाली घातली. "आज सोमवार. आमी सोमवारी बैलाच्या मानंवर जू ठिवत न्हाई. म्हादेवाचा नंदी त्यो. आज्यापासून चालत आलंय."

"मग नको. डोक्यावर नेऊ."

"नको काहून? बैल देत न्हाई म्हणलं. गाडीला कुठं न्हाई म्हणलं?"

दोघांनी जू धरलं. खोलीवरून ट्रंक, वळकट्या, भांडी भरून निघाले. नातालीन तसबीर छातीशी धरून मागून चालत होती. जिनिंगपाशी कुणीतरी ओरडलं, "सोनाजी, बैल कुठं गेले रे?"

"घरी बसलेत लेका. शहाणे हायेत."

स्टेशनचा रस्ता सोनाजीच्या अंगणावरूनच जात होता. गाडीचा आवाज ऐकून थोरला बैल उठला, दाव्याच्या टोकापर्यंत आला आणि सवयीनं मान खाली करून उभा राहिला.

"बस बाबा," सोनाजी म्हणाला. "आज तुहा दिस हाय."

बैल तसाच उभा. इनासनं जू खाली ठेवलं. बैल परत जाऊन बसेपर्यंत गाडी तिथंच थांबली.