एकाच मापाची दारं

आमचं घर विकायला काढलं, तेव्हा बघायला आलेली दोन्ही कुटुंबं स्वयंपाकघरापर्यंत आली आणि उंबऱ्यावरूनच मागे फिरली. कपाटं काळवंडलेली. गॅसजवळच्या दाराला हात लावला की बोट चिकटायचं. बाबा गेल्यापासून आई तिथे फक्त चहापुरती जायची. घर विकल्याशिवाय मामाकडे राहायला जाता येणार नव्हतं, आणि आईला इथे आणखी एकही दिवस नको होता. मला काय हवं होतं, ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. भूल दिलेल्या दाढेसारखं झालं होतं सगळं.

"नवीन कपाटं बसवायची आपली ऐपत नाही," मामा म्हणाला.

"मी रंगवते."

"तू? तुला स्वतःची नखं धड रंगवता येत नाहीत!"

"म्हणून तर दाराएवढी नखं घेतेय या वेळी."

मामा हसला. गेल्या वर्षीपर्यंत हजेरीलासुद्धा माझा आवाज निघत नसे. आता मी कुणालाही ऐकत नाही.

रंगाच्या दुकानात एक डबा कोपऱ्यात पडला होता. हिरवाही नाही, राखाडीही नाही. "पोरी, हा रंग कुणी मागितला नव्हता, चुकून झालाय. निम्म्यात ने," दुकानदार म्हणाला.

"द्या काका, आमच्यात खपून जाईल."

मी दारं काढायला घेतली, तेव्हा आई खोलीतून म्हणाली, "मागे नंबर टाक गं."

"सगळी एकाच मापाची तर आहेत!"

सोड्याच्या पाण्याने तेलाचा थर काढला. मग पॉलिश पेपर, प्रायमर, रंगाचे दोन हात. बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्रांवर दारं पसरली होती आणि मी त्यांच्यामधून उड्या मारत, गाणी म्हणत फिरत होते. एका दारामागे बाबांच्या पेन्सिलची रेघ होती. ही कपाटं त्यांनीच केलेली. मी पॉलिश पेपर फिरवला, रेघ गेली. काहीच वाटलं नाही. त्याचीच जरा भीती वाटली, मग तीही गेली.

दारं परत लावायला मामा आला. एकही दार बसेना. कुठे घासायचं, कुठे बोटभर फट राहायची.

"एकाचं दुसऱ्याशी जमत नाही. घराण्याचा गुण उतरलाय," मामा म्हणाला. "एकाच मापाची म्हणे!"

उद्या सकाळी तिसरं कुटुंब घर बघायला येणार होतं.

आई कधी येऊन उभी राहिली, कळलंच नाही. तिने एक दार उचललं, खालच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"भिंतच वाकडी आहे. त्यांनी प्रत्येकाला वेगवेगळा रंधा मारला होता. हे सिंकखालचं." दुसरं उचललं. "हे डब्यांचं. याच्या वेळी हात कापून घेतला होता, आणि वर मलाच ओरडले."

एकेक दार ती सांगत गेली, मामा स्क्रू पिळत गेला. सगळी बसली. आईने हात धुतले आणि परत खोलीत गेली.

सकाळी नवरा-बायको आले. उंबऱ्यावर थांबले नाहीत, थेट आत. "किती वेगळा रंग!" बाई म्हणाल्या. मी प्रायमरपासून सगळं सांगितलं, तोंडाचा पट्टा सुरूच. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. घर पसंत होतं.

"ही भिंत आम्ही सरळ करून घेऊ म्हणतोय," गृहस्थ आईला म्हणाले. "मग कपाटंही नवीनच. ही काढून टाकली तर तुम्हाला वाईट नाही ना वाटणार?"

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे.

"नाही," आई म्हणाली. "फक्त वरची काढताना खालून कुणीतरी धरा. बिजागऱ्या जुन्या आहेत, दार अंगावर येतं."

मी चहासाठी कप काढायला गेले. रंग पुरता वाळला नव्हता. दार चिकटलं होतं, ओढल्यावर चर्रकन सुटलं आणि कडेचा पापुद्रा निघून बोटाला लागला.

"साखर किती घालू?" मी विचारलं.

बाई म्हणाल्या, एक चमचा. मी एक चमचा घातली.