डावी बाही

चांगलं करायला निघालेल्या माणसाच्या हाती कात्री देऊ नये. त्यापेक्षा चोर परवडला. तो नेतो तर अख्खं तरी नेतो!

चिनूरला हे कळलं तेव्हा ती मिसिसागातल्या आपल्या कॉन्डोत, सोफ्यावर पडलेली पिशवी उघडत होती. पिशवी शोभाच्या घरून आली होती. शोभाची मुलगी गौरांगी आणि चिनूरची लाना एकाच ऑफिसात. गौरांगीच्या मावसबहिणीच्या लग्नाचा संगीत होता, तिला काहीतरी वेगळं घालायचं होतं, आणि लानानं आजीचा कुर्दी पोशाख देऊ केला. चिनूरनं हो म्हटलं. दुसरी एखादी असती तर म्हणाली असती, माझ्या आईची शेवटची खूण आहे, हात लावू नका. पण चिनूरचं म्हणणं असं की कपडा अंगावर असला तर जिवंत, कपाटात गेला की मेला. दर रविवारी भाड्याच्या हॉलमध्ये ती पोरींना कुर्दी नाच शिकवायची आणि ज्या पोरीकडे पोशाख नसेल तिला आपला काढून द्यायची. तिच्या भावजयीला हे पटत नसे. "एक दिवस पस्तावशील," ती म्हणायची. घ्या, आला तो दिवस.

पोशाख धुऊन, इस्त्री करून आला होता. गर्द हिरवा, झिरझिरीत, अंगभर टिकल्यांचं काम. वर दोन बटवे ठेवलेले. हिरवेच, टिकल्यांचे, तोंडाशी सोनेरी नाडी, खाली गोंडे. आत काजू-बेदाणे. चिनूरला आधी बरंच वाटलं. मराठी माणसं दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. मागं एकदा तिनं दिलेलं पातेलं शोभानं चिवडा भरून पाठवलं होतं. एक काजू तोंडात टाकून तिनं बटवा उजेडात धरला. मग झटकन पोशाख उचलून झटकला, आणि तोंडातला काजू हातावर काढला.

बाह्या मनगटाशी संपल्या होत्या. छान दुमडून, बारीक टाके घालून.

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगायला हवं. कुर्दी बाईच्या सणाच्या पोशाखाची बाही मनगटाशी थांबत नाही. तिथून तिचं एक टोक निघतं आणि निमुळतं होत होत पार जमिनीपर्यंत जातं. कामाला लागायचं झालं की दोन्ही टोकं मानेमागं नेऊन गाठ मारायची, नाहीतर दंडांना गुंडाळायची. ती बाही नसली तर राहिला काय? गाऊन. कुठल्याही मॉलमध्ये टांगलेला असतो.

चिनूरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नौरोज आठवड्यावर आला होता. वसंताचा सण, वर्षाचा पहिला दिवस. त्या दिवशी पार्कात जाळ पेटवून सगळी बिरादरी हातात हात अडकवून ओळीनं नाचते. ओळीच्या टोकाला जी असते तिच्या हातात रुमाल, तिला म्हणायचं सरचोपी. ती वळेल तिकडं ओळ वळते. यंदा पहिल्यांदा लाना सरचोपी होणार होती, याच पोशाखात. चिनूरचा धाकटा भाऊ रेबवार त्यासाठी व्हँकुव्हरहून यायचा होता. आणि त्याला दाखवायचं काय? बटवे?

स्टोव्ह बंद करून, बूट धड न बांधता ती गाडीत बसली.

शोभानं हसतच दार उघडलं. "अगंबाई, चिनूर! ये ये. आवडले का बटवे?"

"तुम्ही माझी बाही कापलीत?"

"कापली म्हणजे, आल्टर केली गं. किती लोळत होत्या त्या! पोरगी नाचताना दोनदा अडखळली, एकदा तर टोक आमटीत गेलं. म्हटलं, तुला बिचारीला वेळ मिळाला नसेल, आपल्याकडे मशीन आहे, देऊ करून. आणि चिंधीसुद्धा टाकली नाही बघ. आपण टाकत नाही कधी."

हे सगळं शोभा इतक्या मायेनं बोलत होती की चिनूरला आणखीच चीड आली. दुष्ट माणसाला दोन शिव्या हासडता येतात. पण असल्या गोड बाईचं करायचं काय? शोभाचा नवरा नंदन आतून पेपर घेऊन आला. रागरंग बघून म्हणाला, "मी चहा टाकतो," आणि गेला तो परत आलाच नाही.

"माझ्या आईचा पोशाख होता तो," चिनूर म्हणाली. "तुमची पैठणी मी नेली असती आणि पदर जमिनीवर लोळतो म्हणून कापून त्याचे रुमाल शिवले असते, तर?"

शोभाचं हसू मावळलं. पैठणी म्हटल्यावर तिला बरोबर कळलं. तोंडावर हात नेऊन ती मटकन जिन्याच्या पायरीवर बसली. "अरे देवा. अगं, मला वाटलं माप चुकलंय. शप्पथ."

"आमच्या नौरोजच्या फोटोत चाळीस बायका असतात, चाळीसही जणींच्या बाह्या चुकतात का? ते नाही बघितलेत कधी? विचारायला काय झालं होतं? एक फोन! मला इथं सगळे विचारतात, कुठला देश, नकाशावर दाखव. दाखवता येत नाही मला. दाखवायला हे एवढंच होतं आमच्याकडे, आणि त्यालाही तुम्ही कात्री लावलीत!"

"विचारलं होतं," शोभा म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. "मी न विचारता कशी कापीन चिनूर? लाना इथंच उभी होती. मी म्हटलं, एवढं लांब ठेवायचं का गं? ती म्हणाली, काढून टाका काकू, माझ्याही सारखं पायात येतं."

आतापर्यंत राग कुणावर काढायचा ते ठरलेलं होतं, आता तोही आधार गेला. शोभानं धावत आत जाऊन चिंध्यांची पिशवी आणली, त्यातले हिरवे तुकडे वेचून तिच्या हातात दिले आणि म्हणाली, "मी जोडून देते. कळणारसुद्धा नाही असं जोडते. रात्रभर बसेन."

"तुम्ही नाही जोडायचं," चिनूर म्हणाली. "कापायला जिनं सांगितलं ती जोडेल."

लाना संध्याकाळी घरी आली, तेव्हा जेवणाच्या टेबलावर पोशाख पसरलेला आणि शेजारी बटवे. आईच्या चेहऱ्याकडे बघून तिनं बॅग खांद्यावरच ठेवली.

"तू हो म्हणालीस?"

"ओह गॉड, दाये. इट्स जस्ट द स्लीव्ज." आईला ती दाये म्हणायची. आईशी बोलताना तेवढाच एक शब्द कुर्दी, बाकी सगळं इंग्रजी.

"जस्ट?"

"मग काय! टॉयलेटला जाताना ते धरायला माणूस लागतं. गाडीच्या दारात अडकतं. मागच्या वर्षी मी पडले त्याच्यात पाय अडकून, आठवतं? सगळे हसले. तू पण हसलीस!" तिचाही आवाज चढला. राग आईकडूनच आला होता, तो कुठं जाणार. "आणि कुणी विचारलं की ही बाही एवढी लांब का, तर मी काय सांगू? मला माहीतच नाही. मी तुला विचारलं तर तू काय म्हणतेस? असंच असतं. पाय असा टाक. असंच असतं. पाठ ताठ. असंच असतं! तुझी एक स्टेप चुकली तर तू मला सगळ्यांसमोर ओरडतेस, पण आजी इथं कशी आली हे मला विकिपीडियात वाचायला लागतं!"

चिनूरनं हात उगारलाच होता. उगारलेल्या हातानं तिनं टेबलावरचा पोशाख ओढला आणि टीशर्टावरूनच डोक्यातून घातला. तो तिला खांद्यात तंग होत होता. शिवण करकरली, पण तिनं पर्वा केली नाही.

"इकडं ये. उजवा हात दे."

"दाये, व्हॉट आर यू..."

"हात दे म्हणते ना!"

लानानं हात पुढे केला. चिनूरनं तिचं मनगट पकडलं.

"मी बारा वर्षांची होते. नौरोज होऊन थोडेच दिवस झाले होते. सरकारचं सैन्य शहरात घुसलं आणि सगळं सुलेमानिया गाव चालत डोंगराकडं निघालं. सामान उचलायला हात नव्हते, म्हणून तुझ्या आजीनं होते तेवढे कपडे एकावर एक अंगात घातले. सर्वांत वर हा, कारण हा चांगला. पाऊस, चिखल, आणि माणसं इतकी की पुढचं दिसेना. आजीच्या काखेत भाकरीचं गाठोडं, पाठीवर तिची म्हातारी सासू. मुलांना धरायला हात कुठून आणणार? मग तिनं उजव्या बाहीचं टोक माझ्या मनगटाला बांधलं. डाव्या बाहीचं रेबवारच्या. पाच वर्षांचा होता तुझा मामा. इतकं घट्ट बांधलं की हात काळानिळा पडला त्याचा. रडत होता, सोड म्हणून. तिनं सोडलं नाही. आमच्या शेजारी एक बाई होती, तिनं मुलाला नुसतं हातानं धरलं होतं. तो सुटला. ती त्याचं नाव घेत गर्दीतून उलटी चालत गेली. पुन्हा दिसली नाही."

चिनूरला धाप लागली होती. हे ती आजवर कुणाला बोलली नव्हती. पोरीला नाच द्यावा, रंग द्यावा, सण द्यावा, आणि तो चिखल तेवढा आपल्याकडे ठेवावा, असा तिचा हिशेब होता. फार शहाणपणाचा वाटायचा तिला तो. आता स्वतःचाच राग येत होता, आणि तोही ती पोरीवरच काढत होती.

तिनं आपला हात लानाच्या मनगटाजवळ नेला. दुमडलेली बाही तिच्या स्वतःच्याच मनगटाशी संपली.

"हां, बांध आता. सांग, कशानं बांधू तुला?"

लाना त्या रिकाम्या मनगटाकडे बघत राहिली. मग हळू म्हणाली, "मामा दर नौरोजला आजीच्या बाहीचं टोक हाताला गुंडाळून फोटो काढायचा. मला वाटायचं, हा मामाचा जोक आहे."

"जोक," चिनूर म्हणाली. खुर्चीत बसून तिनं तोंड फिरवलं.

लानानं ड्रॉवरमधून छोटी कात्री काढली. बटव्यांतले काजू वाटीत ओतले आणि एकेक टाका उसवायला बसली. चिनूरनं मदत केली नाही. ते तुकडे, शोभाच्या चिंध्या, सगळं लावून बघितलं तेव्हा उजवी बाही जवळजवळ पुरी झाली. डाव्या बाहीचं टोक मात्र हातभर कमी पडत होतं. त्याच्या बारीक पट्ट्या कापून गोंडे बनवले होते, ते आता कशालाच येणार नव्हते. "हिरवा दोरा कुठंय?" लानानं विचारलं. चिनूरनं शिवणाच्या डब्यातून लाल दोरा काढून तिच्यापुढं आपटला. "यानं शिव. दिसू दे सगळ्यांना." लानानं सुईत दोरा ओवायला घेतला. पहिल्या खेपेला ओवला नाही, दुसऱ्या खेपेलाही नाही, तरी चिनूर उठली नाही.

नौरोजला पार्कात गुडघाभर जुनं बर्फ आणि गोठवणारं वारं. पोशाखांवर जाडजूड कोट, कोटाखालून टिकल्या, आणि जाळाभोवती गोल करून सगळी बिरादरी. शोभाही आली होती, डबा घेऊन, जरा लांब उभी. चिनूरनं तिच्याकडे बघून मान हलवली, पण जवळ बोलावलं नाही. एवढ्यात नाही बोलावणार, तिनं ठरवलंच होतं.

रेबवार विमानतळावरून थेट आला. पोट सुटलेलं, टक्कल पडलेलं, हसत हसत. "कुठंय माझी सरचोपी?" म्हणत तो लानापाशी गेला आणि सवयीनं तिच्या डाव्या बाहीचं टोक उचलून मनगटाला गुंडाळू लागला. ते पुरेना. त्यानं ओढून बघितलं. मग त्याला लाल टाके दिसले. वेडेवाकडे, जाडजूड, मनगटापासून खाली टोकापर्यंत तीन ठिकाणी. हसणं थांबलं त्याचं.

"कुणी कापली?"

लानानं आईकडे बघितलं. चिनूर जाळाकडे बघत उभी राहिली. बोल म्हणावं आता. मी नाही बोलणार.

"मी," लाना म्हणाली. कुर्दीत म्हणाली. "मी कापायला सांगितली, मामा. मला माहीत नव्हतं."

रेबवारच्या हातातून टोक सुटलं. ओळ थांबली होती, ढोलवाला थांबला होता. लानानं ते टोक स्वतः उचललं. पुरत नव्हतं, तेव्हा ती एक पाऊल मामाच्या जवळ सरकली, अगदी त्याच्या खांद्याला खांदा लागेल इतकी, आणि थंडीनं बधिर झालेल्या बोटांनी त्याच्या मनगटाभोवती गाठ मारू लागली.

गाठ दोनदा सुटली. मागून चिनूर ओरडली, सगळ्या पार्काला ऐकू जाईल अशी.

"घट्ट बांध!"