झोपेची राखण

बाळासोची झोप मोडणाऱ्याला गोजाबाई पाण्यात पाहायची. मग तो भाजीवाला असो, भंगारवाला असो, नाहीतर कर्णा लावून फिरणारा प्रचाराचा टेम्पो असो. सकाळी साडेआठला नवरा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतनं सायकल रेटत घरी यायचा, चहा पिऊन आडवा व्हायचा, की ही बाई सूप घेऊन दाराच्या पायरीवर बसलीच. "ये बाबा, तुझा भोंगा बंद कर. हितं रातपाळीचं माणूस झोपलंय." एकदा नाही, दिवसातनं वीसदा. गोजाबाईच्या दारावरनं मांजरसुद्धा चप्पल काढून जातं, असं गल्लीतल्या बायका म्हणायच्या. म्हणेनात का! त्यांचे नवरे रात्री घरात घोरत पडायचे, त्यांचं काय जातंय बोलायला.

बाळासो एकोणीस वर्षं रात्रपाळीला होता. टॉवेलच्या कारखान्यात रात्री आठ ते सकाळी आठ चार माग सांभाळायचा. सांगोल्याकडचा माणूस. लहानपणी मेंढरांमागं हिंडलेला, आणि मेंढरं राखणारा रात्री कधी गाढ झोपत नसतो. नेमकी तीच सवय मालकाच्या डोळ्यांत भरली. "बाळासो, रातीला तुझ्यासारखा डोळा न लावणारा गडी मला दुसरा मिळायचा न्हाय," असं मालक म्हणाले, तेव्हा हा दोन दिवस फुगून फिरत होता. आता त्या शाबासकीचं काय लोणचं घालायचं?

रात्री डोळा लावायची सोय नाही आणि दिवसा लावावा म्हटलं तर लागत नाही. पत्र्याची खोली, त्यात सोलापूरचा एप्रिल. पंखा फिरायचा तो वरचा तापलेला वारा खाली ओतायला. दोन-अडीच तास कसेबसे डोळे मिटले की पोटात आग पडायची, घशाशी आंबट यायचं. पाय सुजायचे. कारखान्यातला खडखडाट कानांतून घरी यायचा आणि उशीवर डोकं टेकलं तरी थांबायचा नाही. आणि स्वभाव! मुळात गाईसारखा गरीब माणूस, पण आता हातातनं पेला पडला तरी अंगावर धावून यायचा. मग घटकाभरानं कोपऱ्यात तोंड करून डोळे पुसायचा. त्याचं ओरडणं गोजाबाई सोसायची, ते डोळे पुसणं मात्र तिला सोसत नव्हतं. असंच चाललं तर माणूस हातचा जाईल, हे तिला कळत होतं. म्हणून तिनं एकच गोष्ट धरून ठेवली होती, याला पोटभर झोप मिळाली पाहिजे.

एका रात्री मागापुढंच त्याला भोवळ आली. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं तर शुगर निघाली. दवाखान्यात गर्दी ही एवढी. डॉक्टरांनी कागदावर गोळ्या लिहिल्या, साखर बंद म्हणून बजावलं आणि पुढच्याला हाक मारली. तुम्ही झोपता कधी, जेवता कधी, हे त्यांनी विचारलं नाही. यांनीही सांगितलं नाही. डॉक्टरांना आपणहून काय सांगायचं?

गोजाबाईला वाचता येत नव्हतं. मेडिकलवाला भला माणूस, त्यानं गोळ्यांच्या दोन पुड्या बांधल्या आणि पेनानं एकीवर सूर्य काढला, दुसरीवर चंद्रकोर. "हा सूर्य. सकाळी, न्याहारीच्या आधी. हा चंद्र. रात्री, जेवणाच्या आधी. कळलं का मावशी?"

कळलं की! सूर्य-चंद्र कळायला काय शाळा शिकावी लागते? घरी आल्या आल्या तिनं डब्यातली सगळी साखर शेजारच्या सुंदरम्माला देऊन टाकली. सुंदरम्मा दिवसभर दारात बसून विड्या वळायची. तिची सासू पंधरा वर्षं शुगरनं आजारी होती, सगळं तिनंच केलं होतं. "अय्यो, एवढी साखर?" ती म्हणाली. "एक दाणा बी घरात नको," गोजाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळासो आला, तिनं सूर्याची गोळी त्याच्या तळहातावर ठेवली, पाणी दिलं, बिनसाखरेचा चहा दिला. न्याहारी? रात्रभर जागलेल्या माणसाच्या घशाखाली सकाळी घास उतरत नाही. त्याचं जेवण रात्री दोनला कारखान्यातच व्हायचं, डब्यातलं. घरात न्याहारीच नव्हती, मग आधी काय आणि नंतर काय? सूर्य तर उगवला होता. ती गोळी घेऊन तो झोपला. चंद्राची तो रात्री कारखान्यात डब्याआधी घ्यायचा.

आणि काय आश्चर्य, एक वाजेपर्यंत उठलाच नाही! उठला तो घामानं थबथबलेला, हात थरथरत होते, आणि उठल्या उठल्या चार भाकरी खाल्ल्या. गोजाबाईला आनंद मावेना. झोप लागली, भूक लागली, अजून काय पाहिजे माणसाला? "डोकं जड झालंय गं," तो म्हणाला. "व्हणारच की. एवढं झोपायची सवय कुटं हाय तुमाला?" ती म्हणाली. चार दिवस हेच. चौथ्या दिवशी तिनं सिद्धेश्वराला नारळसुद्धा बोलला.

पाचव्या दिवशी नळाला पाणी आलं. आमच्या सोलापुरात पाणी येतं तेव्हा गल्लीत लढाई असते. मोटारी सुरू झाल्या, हंडे आपटले, दोघी बायका पाइपवरनं एकमेकींच्या झिंज्या धरायच्या बेतात आल्या. एरवी गोजाबाई लाटणं घेऊन धावली असती. आज धावायची गरजच नव्हती, आत बाळासोनं कूससुद्धा बदलली नव्हती.

"बाळासो अण्णा उठले नाही अजून?" सुंदरम्मानं विचारलं. "एक वाजून गेला की."

"झोपू दे. एकोणीस वर्षांची झोप तुंबलीय त्यांची."

भरलेला हंडा घेऊन ती आत आली. त्याच्या अंगावरची चादर जरा बाजूला करावी म्हणून वाकली, तर उशी ओलीचिंब. पायाला हात लागला. बाहेर त्रेचाळीस डिग्रीचं ऊन आणि पाय थंडगार. "अवो," ती म्हणाली. मग मोठ्यानं म्हणाली. मग खांदे धरून गदगदा हलवलं. त्याची मान एका बाजूला गेली आणि तोंडातनं नुसता घुर्र आवाज आला.

तिनं हंबरडा फोडला. सुंदरम्मा विडीचं सूप टाकून आत आली, त्याच्या कपाळाला हात लावला, डोळ्याची पापणी वर केली. "साखर आण."

"साखर?" गोजाबाई आडवी आली. "शुगरच्या माणसाला साखर? मारतीस का काय त्यांना!"

"माझ्या सासूला असंच झालेलं दोनदा. साखर उतरली आहे यांची. वेडे, साखर आण!"

"घरात न्हाय गं. तुलाच दिली की सगळी."

सुंदरम्मानं तिला कोपरानं बाजूला ढकललं आणि आपल्या घरातनं मूठभर साखर घेऊन आली. बोट ओलं करून तिनं ती त्याच्या हिरड्यांना चोळली, थोडी थोडी, घशात जाणार नाही अशी. तेवढ्यात कुणीतरी रिक्षा आणली. त्याला उचलताना गोजाबाईच्या डोक्यात एकच चाललं होतं, मी लोकांना गप्प करत होते. पाच दिवस मी हा सगळा गोंगाट गप्प करत होते, आणि हे आत मरणाच्या दारात जात होते.

मोठ्या दवाखान्यात सलाइनमधनं साखर चढवली. पाऊण तासानं बाळासोनं डोळे उघडले आणि विचारलं, "किती वाजले? पाळी चुकली का?" तेव्हा गोजाबाई भिंतीला टेकून हमसाहमशी रडली.

तिथली डॉक्टर तरणी होती. डोळे लाल, केस विस्कटलेले. तिनं गोजाबाईनं आणलेल्या पुड्यांतली सूर्याची पुडी हातात घेतली. "ही गोळी देऊन तुम्ही त्यांना काय खायला दिलं?"

"काय न्हाय. झोपवलं."

"मावशी, ही गोळी रक्तातली साखर खाली ओढते. वर जेवण लागतं. हे उपाशी झोपले आणि साखर उतरत गेली."

"सूर्य काढला हुता बाई त्याच्यावर. मी सूर्य बघून दिली. माझ्या हातानं दिली."

डॉक्टरनं पुडीवरच्या सूर्यावर बोट ठेवलं. "यांची सकाळ कधी होते?"

"दुपारी. कधी एकला, कधी दोनला."

तिनं दोन्ही पुड्यांवरच्या चित्रांवर काट मारली आणि चंद्राची गोळी रात्री डबा उघडताना घ्यायची, सूर्याची उठल्यावर द्यायची, लगेच पुढ्यात ताट ठेवायचं, हे तीनदा म्हणवून घेतलं. मग बाळासोला म्हणाली, "काका, खरं औषध म्हणजे रात्रपाळी सोडा. शरीराला दिवसाची झोप मानवत नाही."

"त्याची गोळी न्हाय का बाई एकादी?" बाळासोनं विचारलं. तिला हसू आलं आणि पाठोपाठ जांभई आली. "तुमची बी रातपाळीच का?" तो म्हणाला. "कालपासनं," ती म्हणाली आणि पुढच्या खाटेकडं गेली.

मालकानं आठवडाभर सुट्टी दिली, हे खरं बोललं पाहिजे. दिवसपाळीचं विचारलं तेव्हा मात्र, "बघू दिवाळीनंतर," म्हणाला. नवव्या दिवशी बाळासोनं डबा घेतला आणि सायकलवर टांग टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला, चहा पिऊन आडवा झाला, आणि गोजाबाई पायरीवर गेलीच नाही. आतच बसली, त्याच्या पायाशी. गोळी दुपारी द्यायची होती, भीतीचं काही कारण नव्हतं. सगळं कळत होतं तिला. तरी त्याचा श्वास जरा लांबला की तिचा हात त्याच्या पायाकडं जायचा. पाय गरम असायचे. मग कपाळ. मग न राहवून, "अवो."

"अंऽ?"

"काय न्हाय. झोपा."

दहा मिनिटं गेली. "अवो."

"जागा हाय."

तिसऱ्यांदा तिनं हाक मारली तेव्हा तो ओरडेल असं तिला वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो पत्र्याकडं बघत पडून राहिला. "गोजा," तो म्हणाला, "झोपलो तर तू मरतीस, न्हाय झोपलो तर मी. आता तूच सांग काय करू."

ती त्याचे पाय चेपत बसली आणि रडू लागली. थोड्या वेळानं तोच उठून बसला आणि तिला पाणी दिलं. तेव्हा साडेअकरा वाजले होते. पाळीला अजून साडेआठ तास होते.