सांध्यातलं लाल पाणी

प्लास्टिकचे पार्ट काढण्यात चाकणला माझी बावीस वर्षं गेली. साच्याची दोन अंगं नीट आवळली नाहीत, की वितळलेला माल सांध्यात शिरून पापडासारखा पसरतो. त्याला आम्ही फ्लॅश म्हणतो. फ्लॅश दिसला की पार्ट रिजेक्ट. आपल्याला यातलं सगळं कळतं, अशी माझी घमेंड होती.

माझी मुलगी दीक्षा भूगर्भशास्त्र शिकली. पीएचडीच्या मुलाखतीत तिला स्वतःचा प्रयोग दाखवायचा होता. चिखलीतल्या आमच्या स्वयंपाकघरात तिनं काचेच्या पेटीत जिलेटिनचे दोन थर लावले, खालचा मऊ, वरचा घट्ट. हे म्हणे गाळाचे खडक. तळातून बारीक नळीनं लाल पाणी सोडायचं, तो शिलारस.

"आपल्याकडं सगळा काळा दगड. गाळाचे थर कुठनं आणलेस?" मी चिडवलं.

"म्हणून तर पेटीत केलेत, पप्पा. शिलारस थरांत शिरून काय करतो ते बघायचंय."

पुढंही ती बरंच सांगत होती. मी मोबाईल बघत नुसता हूं हूं करत होतो.

दोन्ही थर जमायला दोन दिवस लागले. मुलाखत उद्यावर आली होती. पाणी सोडून, पहिले फोटो काढून दीक्षा कागदांच्या झेरॉक्ससाठी खाली गेली आणि मी शिफ्टवरून घरी आलो. बघतो तर लाल पाणी उभं चढून दोन थरांच्या मधोमध आडवं पसरत होतं. मला वाटलं, पोरीचं काम बिघडतंय. वरच्या थरावर ताटली ठेवली, ताटलीवर वरवंटा. सांधा दाबला की पसरणं थांबतं, हे मला पक्कं ठाऊक. वरचा थर चिरला आणि पाणी भसकन बाहेर आलं.

दीक्षा दारात उभी होती. "ते आडवं पसरणंच तर दाखवायचं होतं, पप्पा," एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ती फाटलेल्या थराचे, वरवंट्यासकट काढलेले फोटो घेऊन मुलाखतीला गेली. मी बाहेर बाकावर बसलो होतो, दार अर्धवट उघडं होतं.

"हे वजन कुणी ठेवलं?" एका सरांनी विचारलं.

"मीच, सर. चुकलं माझं."

कुणीतरी हसलं. निवडीच्या यादीत तिचं नाव आलं नाही. साहेब लोकांपुढं आपण काय बोलणार, असं मी घरी येताना स्वतःला समजावत होतो. पण दार चार पावलांवर होतं, आणि मी उठलो नाही.